नांगराचा उजेड आणि रस्त्याचा उजेड

पुणें-नाशिक रस्त्याच्या दोहों बाजूंस, मोशी-चिखलीपासून चाकण-खेडपर्यंत, गेल्या कांहीं वर्षांत रात्रींच्या नांगरटीची नवी रीत पडली आहे. पूर्वीं चांदण्यांत मोट धरीत, खळ्यावर मळणी करीत. नांगर मात्र पहांटे जुंपून उन्हें चढण्याच्या आंत सोडीत. सांप्रत ट्रॅक्टर दिवेलागणीस शेतांत उतरतो आणि मध्यरात्रीपर्यंत फिरत असतो. ह्याचीं कारणें शोधण्यास दूर जावयास नको. घरचा मुलगा चाकणच्या अथवा तळेगांवच्या कारखान्यांत पहिल्या पाळीस असतो. पाळी सुटून, कंपनीच्या गाडीनें घरीं येऊन, चहा घेऊन तो ट्रॅक्टरावर बसेपर्यंत दिवस मावळलेला असतो. भाड्यानें ट्रॅक्टर चालविणाऱ्यांसहि दिवसाचे तास पुरत नाहींत. कारण वापसा चार दिवसांचा, आणि तो साऱ्या गांवास एकदमच येतो. शेतीपंपांची वीजहि कित्येक वाहिन्यांवर अद्याप आळीपाळीनें रात्रींचीच मिळते; तेव्हां पाणी धरणारा गडी तसाहि जागाच असतो.

अशा स्थितींत ट्रॅक्टरास एलईडीचे दिवे, ज्यांस आपल्याकडे ‘फोकस’ म्हणतात, कोणते बसवावे अशी पृच्छा आमच्याकडे पुष्कळ सभासद बंधूंनीं केली. चाकणच्या दुकानांत गेलें असतां दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, “किती वॅटचा देऊं?” आणि घेणाराचें उत्तर ठरलेलें, “मोठ्यांतला मोठा असेल तो द्या.” आमच्या मतें सारा घोटाळा ह्या दोन वाक्यांत आहे. कामाचा दिवा वॅट पाहून घ्यावयाचा नसतो. त्याचा उजेड कोठें पडतो आणि तो केव्हां मालवितां येतो, हें पाहून घ्यावयाचा असतो. 

आमची सारी नोकरी ह्याच टापूंतील महसुलाच्या दप्तरांत गेली. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें औद्योगिक वसाहती चिंचवड, आकुर्डी, भोसरी करीत करीत चाकणपर्यंत येऊन पोहोंचल्या. ज्या गटांचे उतारे आम्हीं हातानें लिहिले, त्यांपैकीं कित्येकांवर आज पत्र्याच्या शेडी उभ्या आहेत. उरलेली शेती तुकड्यातुकड्यांची आहे. साठ गुंठे वसाहतीच्या भिंतीलगत, ऐंशी गुंठे ओढ्यापलीकडे, आणि मधली वाट हमरस्त्याची. त्यामुळें आपल्याकडील ट्रॅक्टर एका रात्रींत दोन-तीन वेळां शेतांतून रस्त्यावर व रस्त्यावरून शेतांत जातो. सलग रानाच्या मुलखांतील शेतकऱ्यास ही गोष्ट विसरतां येईल. आपणांस ती विसरून चालणार नाहीं.

वृद्ध मंडळींस कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील आठवत असेल. त्याचा उजेड आजच्या हिशेबानें अगदींच थोडा. तरी त्याच उजेडांत माणसें पाण्याचीं दारें धरीत, भाजीच्या जुड्या बांधीत, अडलेली गाय सोडवीत. कारण इतकेंच कीं, कंदील हातांत खालीं, गुडघ्याच्या उंचीवर असे. उजेड कामावर पडे, डोळ्यांवर पडत नसे. आजच्या फोकसाची गोष्ट ह्याच्या नेमकी उलट झालेली आम्ही पाहतों. उजेड कंदिलाच्या शेंकडों पट, आणि तो पडतो शेजारच्याच्या माडीवर.

आतां एलईडीविषयीं थोडें. जुन्या दिव्यांत तार तापवून उजेड काढीत. म्हणून बहुतेक वीज उष्णतेंतच जाई. एलईडीमध्यें तार नसते. एका विशिष्ट प्रकारच्या स्फटिकांतून वीज जातांना उजेड पडतो. तांबड्या उजेडाचा असा दिवा अमेरिकेंत १९६२ सालींच झाला होता. परंतु निळ्यासाठीं पुढें तीस वर्षें लागलीं. तो साधणाऱ्या आकासाकी, अमानो व नाकामुरा ह्या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. पांढरा उजेड हा त्या निळ्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊन काढितात. २०१५ पासून सरकारच्या उजाला योजनेनें घरोघर जे स्वस्त बल्ब गेले ते ह्याच जातीचे. ट्रॅक्टराचा फोकस हा त्यांचाच दणकट भाऊ समजावा.

वॅट हें उजेडाचें माप नव्हे. तें विजेच्या खर्चाचें माप आहे. उजेडाचें माप ल्युमेन. जुना ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब सुमारें १,४०० ल्युमेन उजेड देतो. चांगल्या एलईडी दिव्यास तेवढ्याच उजेडास १५ वॅटांच्या आसपास पुरतात. म्हणजे प्रत्येक वॅटमागें शंभर ल्युमेन हा ढोबळ हिशेब ध्यानांत ठेवावा. डब्यावर जर १८ वॅट व ५,००० ल्युमेन असें छापलें असेल, तर तो डबा छापणाराचें औदार्य समजावें. वॅटांचा आंकडाहि पुष्कळदां असाच फुगविलेला असतो. आंत नऊ ठिपके आहेत, प्रत्येक ठिपका तीन वॅटांपर्यंत सोसूं शकतो, म्हणून लिहिलें २७ वॅट; प्रत्यक्षांत ठिपक्यांस वीज निम्मीच दिलेली असते. ह्याची परीक्षा सोपी आहे. वायरमनकडे डी. सी. विजेचा क्लॅम्प मीटर असतो. दिवा बॅटरीस जोडून किती अँपिअर वीज ओढतो हें पाहावें, व त्यास व्होल्टांनीं गुणावें. बारा व्होल्टांवर दीड अँपिअर म्हणजे अठरा वॅट. मग डब्यावर कांहीहि लिहिलेलें असो.

किती उजेड पुरे, ह्याचाहि हिशेब मांडून पाहूं. एक ल्युमेन उजेड एक चौरस मीटर जागेवर पसरला म्हणजे त्यास एक लक्स म्हणतात. स्वच्छ पौर्णिमेचें चांदणें फार तर पाव लक्स भरतें. आतां १,००० ल्युमेनचा एक दिवा ट्रॅक्टरामागील पांच मीटर लांब व चार मीटर रुंद जागेवर सोडला, आणि निम्मा उजेड इकडेतिकडे वायां गेला असें धरिलें, तरी वीस चौरस मीटरांवर पांचशें ल्युमेन, म्हणजे पंचवीस लक्स उजेड पडतो. पौर्णिमेच्या चांदण्याच्या शंभर पट! दहा-बारा वॅटांच्या एका साध्या दिव्यानें हें होतें. मग छतावर हातभर लांबीची दिव्यांची पट्टी कशास पाहिजे? नांगराच्या वेळीं ट्रॅक्टर तासास चार-पांच किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदास सुमारें १.१ ते १.४ मीटर. पुढें दहा मीटर स्पष्ट दिसलें तरी विचार करण्यास सात ते नऊ सेकंद मिळतात. दोनशें मीटर दूर फेंकणारा उजेड नांगरटीच्या कांहीं उपयोगाचा नाहीं. म्हणून दुकानांत ‘स्पॉट’ जातीचा, म्हणजे एकाच रेघेंत दूर जाणारा, दिवा दाखवूं लागल्यास तो बाजूस ठेवावा व ‘फ्लड’ जातीचा, म्हणजे पसरट उजेडाचा, मागावा.

विजेचा जमाखर्चहि पाहिला पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ मध्यम ट्रॅक्टरांवर ३६ अँपिअरच्या आसपासचा आल्टर्नेटर असतो. आपल्या यंत्राचा नेमका आंकडा त्याच्या माहितीपुस्तकांत असतो, तो पाहावा. ही झाली जमा. आणि तीसुद्धां इंजिन चांगल्या वेगांत असतांना. सावकाश चालीवर ती बरीच उतरते. आतां खर्च. पुढचे दोन मोठे दिवे सुमारें ११० वॅट. बाजूचे, मागचे व घड्याळांचे मिळून तीस वॅट. त्यांत ५५ वॅटचे चार हॅलोजन फोकस घातले कीं २२० वॅटांची भर पडते. एकूण ३६० वॅट, म्हणजे बारा व्होल्टांवर तीस अँपिअर. शिवाय मुलांनीं बसविलेली गाण्याची पेटी आहेच. तिचा धक्का आम्ही हिशेबांत धरीत नाहीं. अशा ट्रॅक्टराची बॅटरी रात्रभर भरण्याऐवजीं रिती होत जाते, आणि पहांटे बांधावर बंद पडलेलें यंत्र ढकलण्यास शेजारच्या शेतांतून गडी बोलवावे लागतात. त्याच जागीं वीस वीस वॅटांचे चार एलईडी बसविले तर एकूण खर्च २२० वॅट, म्हणजे अठरा-एकोणीस अँपिअर होतो. एलईडीचा खरा लाभ हा आहे. तो अधिक उजेडाचा नसून तितक्याच उजेडांत बॅटरी वांचविण्याचा आहे.

आतां मुख्य मुद्दा, दिवा बसविण्याच्या जागेचा. कारखान्यांतून निघालेल्या ट्रॅक्टराच्या मागील मडगार्डावर, बहुधा उजव्या हातास, एक लहान दिवा असतो. त्यास प्लाऊ लॅम्प, म्हणजे नांगराचा दिवा, म्हणतात. त्याची जागा योग्यच आहे, परंतु तो एकटा पुरत नाहीं. कां, तें सांगतों. एकाच बाजूनें उजेड पडला म्हणजे औजाराच्या दुसऱ्या बाजूस दाट काळी सावली पडते. उजवीकडून पाहिलें तर रोटाव्हेटर लख्ख दिसतो, आणि डावीकडील साखळी, पिन, लिंकेजचा दांडा हें सर्व अंधारांत राहतें. दिवा जितका प्रखर तितकी ती सावली अधिकच काळी वाटते, कारण डोळा उजळ बाजूस लागलेला असतो. म्हणून एक मोठा दिवा घेण्यापेक्षां दोन लहान घ्यावे, आणि दोन्ही मडगार्डांवर एकेक असे बसवावे कीं दोहोंचे झोत औजारावर एकमेकांस छेदतील. एकाची सावली दुसरा पुसतो. छत असल्यास छताच्या मागील दोन कोपऱ्यांवरहि चालतात. मात्र तोंड खालीं, अदमासें पंचेचाळीस अंशांत झुकलेलें असावें.

ह्या सावलीचा आम्ही एवढा बाऊ करतों, त्यास कारण आहे. पीटीओचा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. धोतराचा सोगा, उपरण्याचें टोंक, हिंवाळ्यांत गळ्याभोंवतीं गुंडाळलेली मफलर, ह्यांपैकीं कांहीहि त्यांत अडकलें कीं हात मागें घेण्यास लागणाऱ्या वेळांत दांड्यानें पांच-सहा वेढे घेतलेले असतात. दिवसां जो माणूस दांड्यापासून चार हात दूर राहतो, तोच रात्रीं फणांत अडकलेलें गवत काढण्यास अंधाऱ्या बाजूनें वांकतो. दांड्यावरील प्लॅस्टिकचें आवरण पुष्कळ ठिकाणीं पहिल्याच हंगामांत फुटून गेलेलें असतें. तें नवें घ्यावें, त्याची किंमत दिव्याहून फारशी अधिक नाहीं. आणि दिवा कितीहि चांगला असला तरी पीटीओ सोडवून, इंजिन बंद करून मगच खालीं उतरावें. पेरणीच्या वेळीं यंत्रामागें चालणारा गडी कोठें आहे हें चालकास मान वळवितांच दिसलें पाहिजे, हीहि मागील दोन दिव्यांची कसोटी समजावी.

पलटी नांगर चालवितांना आणखी एक गरज असते. उजवीं चाकें तासांत चालतात, आणि चालकास पुढील उजवें चाक व तासाची कड दिसत राहावी लागते. त्यासाठीं बॉनेटच्या उजव्या अंगास, चाकाच्या किंचित् मागें, आठ-दहा वॅटांचा लहानसा दिवा खालीं तोंड करून लावावा. हा दिवा अतिशय स्वस्त आणि अतिशय उपयोगी आहे. परंतु दुकानांत तो कोणी आपण होऊन दाखवीत नाहीं. पलटी नांगर परततांना डावीं चाकें तासांत येतात. तेव्हां ज्यास परवडेल त्यानें दोन्ही अंगांस लावावा.

धुळीविषयीं. उन्हाळ्यांतील नांगरटींत, विशेषतः कांदा निघाल्यावर रिकाम्या झालेल्या रानांत, इतकी धूळ उडते कीं दिवे लावल्यावर पुढें दुधाचा पडदा धरल्यासारखें होतें. दिवा जर चालकाच्या डोळ्यांच्या रेषेंत, म्हणजे छताच्या पुढील कडेवर असेल, तर धुळीवर पडलेला उजेड सरळ परत डोळ्यांत येतो. दिवा डोळ्यांपासून जितका दूर व खालीं, तितका हा त्रास कमी. ह्यासाठीं पुढचे कामाचे दिवे छतावर न लावतां बॉनेटच्या दोहों अंगांस लावावे. कांहीं लोक पिवळ्या कांचेचा आग्रह धरतात; रंगापेक्षां जागेचा परिणाम मोठा आहे. तरी पण निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षां किंचित् पिवळसर झांक असलेला दिवा डोळ्यांस सौम्य वाटतो, आणि त्याजवर किडेहि कमी येतात. डब्यावर ६,५०० केल्व्हिन लिहिलें असेल तो निळसर, ४,००० च्या जवळ लिहिलें असेल तो सौम्य, एवढें ओळखावें.

बिबट्यासाठीं मोठा फोकस पाहिजे असें जुन्नर-खेडाकडील शेतकरी म्हणतात, त्यांची भीति खरी आहे. जुन्नर वनविभागांत येणाऱ्या जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर ह्या चारहि तालुक्यांतील उसांत त्याचें वास्तव्य आहे. परंतु दिव्यानें बिबट्या हटतो असा भरवंसा धरूं नये. उसाच्या कडेस नांगरट चालली असेल तर बाजूस उजेड टाकणारा एक दिवा निराळ्या बटणावर ठेवावा, खालीं उतरण्यापूर्वीं तो लावून कड न्याहाळावी, आणि रात्रीं एकट्यानें कामास जाऊं नये.

पाणी व चिखल ह्यांविषयीं डब्यावर ‘आयपी’ म्हणून दोन आंकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६७ म्हणजे धूळ मुळींच आंत जाणार नाहीं आणि मीटरभर पाण्यांत अर्धा तास बुडाला तरी पाणी शिरणार नाहीं. मावळांत भाताच्या खाचरांत चिखलणी करणारांनीं ह्याच्या खालचा घेऊं नये. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें १९८७ सालीं प्रसारित केलेल्या इंद्रायणी भाताची लागण आपल्याकडे जितकी आहे, तितकी चिखलणीहि आहे, आणि खाचरांतून निघालेला ट्रॅक्टर धुण्याच्या पंपाखालीं जातोच. त्या पंपाचा जोराचा फवारा दिव्याच्या कडेच्या रबरावर जवळून मारूं नये. बुडण्याची परीक्षा निराळी, जोराच्या फवाऱ्याची निराळी. दिव्याच्या पाठीस ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असतात, त्या शोभेच्या नसून उष्णता बाहेर टाकण्यासाठीं असतात. एलईडीचा उजेड थंड दिसला तरी आंतील स्फटिक तापतो, आणि तापत राहिला तर लवकर मंद होतो. पाकळ्यांत चिखल वाळूं देऊं नये. हातांत घेतल्यावर जो दिवा डब्याच्या मानानें फारच हलका लागतो त्यांत ॲल्युमिनियम थोडें आहे असें समजून परत करावा.

वायरींत काटकसर करणाराचा आम्हांस नेहमींच अचंबा वाटतो. हजार रुपयांचे दिवे आणि दहा रुपयांची वायर! बॅटरीपासून निघालेली वायर अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची असावी, बॅटरीलगतच फ्यूज असावा, आणि दिव्यांची वीज बटणांतून न नेतां रिलेंतून न्यावी, म्हणजे बटण जळत नाहीं. मूळ वायरी कापून जोड मारूं नयेत. यंत्र नवें असल्यास आधीं वॉरंटीचा कागद वाचावा. एलईडीस धन-ऋण कळतें. वायरी उलट लागल्यास तो लागत नाहीं, आणि हलक्या प्रतीचा असल्यास कायमचा जातो. इंजिन चालूं असतां बॅटरीची वायर काढण्याची कित्येक चालकांस खोड असते. त्या क्षणीं आल्टर्नेटरमधून विजेचा जो झटका येतो त्यानें हॅलोजन कदाचित् वांचेल, एलईडीचें आंतलें मंडल वांचत नाहीं. आणखी एक गोष्ट. पुढच्या मूळ दिव्यांतील हॅलोजन काढून त्याच जागीं एलईडीचा बल्ब बसविण्याची टूम निघाली आहे. तो आरसा तारेच्या ठिकाणाप्रमाणें घडविलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या ठिकाणीं नेमके येत नाहींत, उजेड विस्कटतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हें करूं नये.

ह्यावरून रस्त्याकडे वळूं. चाकण-तळेगांव व चाकण-शिक्रापूर हे रस्ते रात्रीं कसे चालतात हें आपणांस सांगणें नको. कंटेनर, कारखान्यांच्या पाळीच्या बसगाड्या, मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रक, आणि त्यांच्यामध्यें तासास पंधरा-वीस किलोमीटरांनीं चाललेला आपला ट्रॅक्टर. शेतांतून वर आलेल्या ट्रॅक्टराचा मागील फोकस मालविण्याचें राहून गेलें, तर मागून येणाऱ्यास काय दिसतें? त्याला एक पांढरा झगझगीत गोळा दिसतो. पांढरा उजेड म्हणजे समोरून येणारी गाडी, असें त्याच्या मनानें घेतलेलें असतें. म्हणून वाहन आपल्याकडे येत आहे कीं आपल्यापुढें चाललें आहे, हेंच त्याला उमगत नाहीं. त्या झोताआड रोटाव्हेटरची रुंद, धारदार कड असते, ती तर मुळींच दिसत नाहीं. तासास साठ किलोमीटर वेगाचा ट्रक सेकंदास सतरा मीटर जातो. डोळे तीनच सेकंद दिपले तरी पन्नास मीटर तो आंधळेपणानें येतो.

कायद्यानेंहि हें ओळखलें आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, ह्यांतील नियम १०८ प्रमाणें वाहनाच्या मागील बाजूस तांबड्याखेरीज दुसरा उजेड दाखवावयाचा नसतो. ह्यास जे अपवाद दिले आहेत त्यांत शेतीच्या ट्रॅक्टराचा नांगराचा दिवा आहे. परंतु शब्द नीट पाहावे. शेतांतील कामाच्या वेळीं औजार चालतें त्या जमिनीवर उजेड पाडण्यासाठीं, इतकाच तो अपवाद आहे. रस्त्यासाठीं तो नाहीं. नियम १११ प्रमाणें वाहनाच्या पुढें स्पॉटलाइट अथवा सर्चलाइट लावण्यास नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते, आणि तीहि अपवादात्मक कारणासाठींच. म्हणजे छतावरील ती हातभर पट्टी शेतांत निरुपयोगी आणि रस्त्यावर आक्षेपार्ह, अशी दोहोंकडून वाईट ठरते. कित्येकांस ट्रॅक्टरावर नियम नाहींत असें वाटतें. दप्तरांत आयुष्य काढलेल्या माणसानें इतकेंच सांगावें कीं, अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस येतो तेव्हां तो पीक कसें होतें हें विचारीत नाहीं, दिवे कोणते लागले होते हें विचारतो.

ह्यावर उपाय साधा आहे. कामाच्या सर्व दिव्यांस एकच निराळें मुख्य बटण असावें, रस्त्याच्या दिव्यांशीं त्याचा संबंध नसावा, आणि त्या बटणाजवळ एक लहान तांबडा दर्शक दिवा असावा; तो पेटलेला दिसला कीं मागचे फोकस चालूं आहेत हें चालकास मान न वळवितां कळतें. वायरमन हें सर्व तासाभरांत करून देतो. शेताच्या बांधावर, चढणीपूर्वींच, बटण बंद करण्याची सवय लावावी. रस्त्यावर चढल्यावर नव्हे. रात्रीं उजेडांत काम केलेल्या डोळ्यांस अंधाराची संवय होण्यास कांहीं मिनिटें लागतात, म्हणून बांधावर थोडें थांबणें हेंहि हिताचेंच आहे.

गळिताच्या दिवसांत कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम कारखान्याकडे ऊंस नेणाऱ्या ट्रॉल्यांस हेंच लागू आहे, किंबहुना अधिक. भरलेल्या ट्रॉलीच्या मागें ट्रॅक्टराचे दिवे दिसतच नाहींत, आणि ट्रॅक्टराचा मागील फोकस ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर पडून वायां जातो. तांबडे दिवे ट्रॉलीच्या स्वतःच्या पाठीस पाहिजेत, आणि त्यांची वायर तुटली तरी चमकतील असे तांबडे रिफ्लेक्टर दोन्ही कोपऱ्यांवर पाहिजेत. उसाचीं वाढीं त्यांवर लोंबूं देऊं नयेत.

राहिला खरेदीचा विचार. मोटारींचे दिवे करणारे मोठे कारखाने चाकणच्याच वसाहतींत आहेत, आणि त्याच जमिनीच्या शेजारीं आपण विनानांवाचा, विनापावतीचा दिवा विकत घेतों, ही मौजेची गोष्ट आहे. दिव्याच्या पाठीवर करणाराचें नांव, व्होल्टांची मर्यादा व आयपीचा आंकडा कोरलेला असावा. केवळ चिकटविलेला कागद पहिल्या धुण्यांत जातो. व्होल्टांची मर्यादा १० ते ३० अशी असल्यास बारा व्होल्टांच्या ट्रॅक्टरावर तो दिवा निर्धास्त चालतो. पावतीवर दिव्याचें वर्णन लिहून घ्यावें, नुसतें ‘लाईट नग २’ असें नव्हे. डिसेंबरांत मोशीस भरणाऱ्या किसान प्रदर्शनांत नाना तऱ्हेचे दिवे पाहावयास मिळतात, तेथें अवश्य जावें. परंतु भर दिवसां मंडपांत सर्वच दिवे सारखे दिसतात. तेथें जाति पाहून, भाव विचारून यावें, आणि घेण्यापूर्वीं एक नग रात्रीं शेतांत लावून पाहण्याची सोय दुकानदार देतो काय हें विचारावें. चाकणांतील भला दुकानदार ओळखीवर ती देतो.

बसविल्यावर अंधाऱ्या रात्रीं एक परीक्षा करावी. सपाट जागीं ट्रॅक्टर उभा करून औजार जोडावें व कामाचे दिवे लावावे. मागें औजाराजवळ चालून पाहावें, जमिनीवर कोठें काळा पट्टा राहतो काय तें पाहून दिवे वळवून घ्यावे. मग घरच्या एका माणसास ट्रॅक्टरापुढें आठ मीटरांवर, चालकाच्या बाजूस अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे येतील असें उभें करावें. नियम १०६ मध्यें डोळे दिपतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं हेंच माप दिलेलें आहे. त्या माणसानें दिव्याकडे पाहून लगेच शेजारच्या बांधावरील दगड मोजून दाखवावे. मोजतां आले नाहींत तर पुढच्या दिव्यांचें तोंड आणखी खालीं करावें. मागील दिव्यांसाठीं त्याच अंतरावर मागच्या बाजूस उभें राहून तसेंच करावें. शेजारच्या रानांत दारें धरणारा तेथेंच कोठें तरी उभा असतो. जागा ठरली म्हणजे बोल्ट घट्ट आवळून कडीवर व मडगार्डावर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. ढेंकळांतील धक्क्यांनीं दिवा महिन्या-पंधरवड्यांत फिरतोच. रेघ तुटलेली दिसली कीं तो पुन्हां जागेवर आणतां येतो.